तिकडे क्षितिजशी बोलणार कोण

"विषय म्हणून वाच. औषध म्हणून कुणाला देऊ नकोस," असं नर्मदा मॅडमनी पुण्यात कौमुदीला बजावलं होतं. एम.ए.च्या प्रबंधाचा विषय होता युरोपातल्या प्रबोधनकाळातल्या पंडितांचं मरणावरचं लेखन. कौमुदीने नुसती मान डोलावली. तिच्या घरात तोवर कुणी गेलं नव्हतं.

मग लग्नानंतर कुवेतला, अबू हलीफात, शेजारच्या शर्मिलाचा मुलगा क्षितिज तापाने गेला. त्याचा देह घेऊन तिचा नवरा विश्वास नाशिकला गेला. शर्मिला इथेच, त्याच तापाने इस्पितळात. तिने ना चिता पाहिली, ना राख. घरी आल्यावर नुसती भिंतीकडे बघत बसायची. कौमुदी आपल्या लेकीला, ओवीला, कडेवर घेऊन पेज न्यायची. पोरीला तिथे न्यावं की नाही, याचाही जिवाला घोर. एकदा बोलून गेली, "मोठमोठ्या विद्वानांनी लिहून ठेवलंय गं. मूल गेलेल्या मित्राला ते कळवायचे, तुझं मूल एकटं नाही. तिकडे आपली माणसं भेटतात, गप्पा मारत बसतात."

शर्मिलाने मान वर केली. पेज प्यायली. कौमुदीला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी शर्मिला शांतपणे म्हणाली, "तिकडे आमचं कोण? माझी आई आणि त्याचे आजोबा. त्यांना इंग्लिश येत नाही आणि क्षितिजला मराठी. आपणच हसायचो ना, साहेब जन्माला आलाय म्हणून? भूक लागली तर सांगेल कुणाला?"

"अगं, ते तसं नसतं..."

"मग कसं असतं?"

"त्या विद्वानांनाही खात्री नव्हती गं. काही जण म्हणत, मागे उरते ती आठवणच."

"म्हणजे तो कुठेच नाही?"

कौमुदी पेजेचं भांडं उचलून निघाली.

तिने विश्वासला गाठलं. "भाऊजी, तिला एकटी ठेवू नका. डॉक्टरांना दाखवा."

"रजा सगळी तिकडेच संपली, वहिनी. आणि तुम्ही नका येऊ आता. ओवी दिसली की ती दिवसभर जेवत नाही."

तेही खोटं नव्हतं. पुढे कौमुदीच्या नवऱ्याने, आलोकने, लांब खैतानला घर घेतलं. फोनवर शर्मिला सांगायची, "त्याला रोज मराठी शिकवतेय. पण इथून ऐकू जात नाही गं. जाऊनच शिकवावं लागेल."

आता ती फोन उचलत नाही. विश्वासचा मेसेज येतो, झोपलीय. कौमुदी दाराशी जाऊन आली. आत टीव्ही चालू होता, दार उघडलं नाही.

तुम्ही अबू हलीफात राहत असाल, तर कौमुदीचं एवढंच मागणं आहे. विश्वास दिवसभर शिफ्टवर असतो. दुपारी शर्मिलाची बेल वाजवा. ती तुम्हाला ओळखत नाही, म्हणून कदाचित उघडेल. उघडेपर्यंत थांबाल ना?