धामणीवर पडलेली सावली

गौरम्माने स्वतःहून कुठं फिरायला जाऊ म्हटलं, तेव्हा महादेवप्पांनी बायकोच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं. जळकोटात त्या वर्षी विहिरींनी तळ दाखवला होता, टँकर आला की अख्खी गल्ली घागरी घेऊन धावायची, आणि ही बाई म्हणत होती, लातूरला नवं सर्पोद्यान झालंय, सगळे मिळून बघून येऊ.

"तिकीट काढून साप बघायचे?" महादेवप्पा म्हणाले. "आपल्या परसात फुकट निघतात की."

"लातूर जिल्हा होऊन एवढी वर्षं झाली, सुनेनं अजून जिल्ह्याचं गाव बघितलं न्हाई. तुमचं आपलं दुकान एके दुकान."

मुलगा सिद्धराम लगेच तयार झाला. सून रुद्राणी तर आदल्या दिवसापासूनच दशम्या आणि शेंगाच्या चटणीच्या मागे लागली. कामात मधूनच गुणगुणत होती. तिची ती लगबग बघून गौरम्माला स्वतःचीच लाज वाटली, पण बेत काही तिने बदलला नाही. तिला सहल नकोच होती. तिला सुनेची परीक्षा घ्यायची होती.

लग्नाला पाच वर्षं झाली होती. मध्ये दोनदा रुद्राणीचे दिवस लांबले, आणि दोन्ही वेळा काही निघालं नाही. पहिल्या वेळी तर गौरम्माने गल्लीत साखर वाटली होती. त्या साखरेचा विषय बायका अजून आठवणीने काढत. आता गौरम्माचा भाऊ संगप्पा सिद्धरामसाठी उदगीरची दुसरी मुलगी सुचवून राहिला होता. "हाव म्हण, पुढचं मी बघतो," त्याचं एवढंच. आणि नेमकं तेव्हाच रुद्राणीने सासूच्या कानात सांगितलं होतं, दोन महिने वर झालेत, इतक्यात कुणाला बोलू नका.

गौरम्माला शंका आली. पोरीला उदगीरची कुणकुण लागली असणार, म्हणून ती खोटेच दिवस सांगून वेळ काढून राहिली. डॉक्टरकडे न्यावं तर गल्लीत पुन्हा बोभाटा. सापाचं बरं असतं, तो कुणाला सांगायला जात नाही. गर्भार बाईची सावली अंगावर पडली की साप आंधळा होतो, जागचा हलत नाही, हे गौरम्माच्या माहेरी परकरातल्या पोरींनासुद्धा ठाऊक होतं.

सर्पोद्यान गावाबाहेर होतं. दारातच मगरीचा हौद लागला. त्यात कमरेएवढं पाणी बघून महादेवप्पा जे उभे राहिले ते हलेचनात. "पुढचा जन्म मगरीचाच मागतो बघ," ते सिद्धरामला म्हणाले. बापलेक तिथंच रमले, आणि गौरम्मा सुनेला घेऊन पुढे गेली. तिला तेच हवं होतं.

पुढे गोल खड्डा होता, कमरेएवढ्या कट्ट्याचा. आत वाळू, दोन-चार फुटके माठ. उन्हं कलली होती, आणि कट्ट्याशी उभ्या राहिलेल्यांच्या सावल्या थेट आत पडत होत्या. एक लांबलचक धामण भिंतीच्या कडेने सावकाश सरकत होती. रुद्राणी मात्र कट्ट्यापासून चांगली लांब उभी राहिली.

"पुढं ये की. हितून नीट दिसतंय."

"हितूनच दिसून राहिलंय, आत्या."

गौरम्माच्या मनातली शंका पक्की झाली. खोटी आहे म्हणूनच भिते. तिने सुनेचं मनगट धरलं आणि ओढलं. रुद्राणी मागे रेटत होती.

"नको ना, आत्या! माझी सावली पडंल. मुकं जनावर हाय, त्याचे डोळे जातील माझ्यापायी."

गौरम्माने ते ऐकलं. ऐकूनही तिच्या हाताने ओढायचं थांबवलं नाही. पुढे कित्येक दिवस तिला हेच आठवायचं आणि जिवाला लागायचं, की ऐकलं तेव्हा सोडता आलं असतं.

रुद्राणीची सावली वाळूवर पडली, धामणीच्या बरोबर वाटेत. धामण आली, सावलीत शिरली आणि डोकं जरासं उचलून आली तशीच सळसळत पलीकडे निघून गेली.

झालं. गौरम्माला हवा होता तो निकाल मिळाला. आता दोन शब्द सुनावायचे म्हणून तिने मान वळवली.

रुद्राणी धामणीकडे बघत होती. तिचा हात पोटावर होता.

"आत्या, ती तर चालली," ती म्हणाली. "म्हंजे ह्या वेळी बी न्हाई का?"

खोटं बोलणारी बाई असं विचारत नाही. पोरीने सांगितलं ते मनापासून सांगितलं होतं, आणि तिची आशा आपण हाताला धरून ओढत आणून या खड्ड्यात टाकली. साप खरा की सून खरी, हे गौरम्माला कळत नव्हतं. साप खोटा निघावा असं मात्र तिला आतून वाटायला लागलं.

"सापाला काय कळतंय!" ती म्हणाली. "सिद्धरामच्या वेळंला माझ्या सावलीतून असाच गेला होता एक. मस्त सळसळत गेला."

"खरंच?"

"मग काय!"

"शपथ घ्या."

असा साप कधी आलाच नव्हता. गौरम्माने पदराखाली हात घालून गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. त्याच्यासमोर तिने आजवर साधी थाप मारली नव्हती. "शपथ," ती म्हणाली. रुद्राणीने डोळे पुसले. तिचा लगेच विश्वास बसला, आणि तो बसलेला बघून गौरम्माला आणखीच अपराधी वाटलं.

परतीच्या एसटीत बापलेक पुढच्या बाकावर बसले, सासूसुना मागे. संगप्पाला उद्याच निरोप धाडायचा, उदगीरचं नाव पुन्हा काढू नको म्हणून, हे गौरम्माने ठरवून टाकलं. तरी जीव काही हलका होईना. खरं सांगून टाकावं असं तिच्या दोनदा ओठांवर आलं.

"आत्या," रुद्राणी हळूच म्हणाली, "तुम्ही मला तिथं कामून नेलं ते आता कळलं."

गौरम्मा पदर सावरत खिडकीबाहेर बघू लागली.

"मी दोन महिने परसात एकटी जात न्हवते. साप निघाला अन् माझ्या सावलीनं आंधळा झाला तर पाप लागंल, म्हणून लई भ्यायचे. तुम्ही न सांगता ओळखलं. माझी भीती घालवायला नेलं ना?"

पुढून महादेवप्पा मगरीबद्दल काहीतरी म्हणाले आणि सिद्धराम मोठ्याने हसला.

"हाव," गौरम्मा म्हणाली. सुनेने तिचा हात हातात घेतला, तो वाटेतलं उदगीर येईपर्यंत सोडला नाही.