नऊ कार्डांची फट

गाडी शनिवारी आली आणि रविवारी सकाळी, मिस्सा झाल्यावर, फादरांनी मरोळ गावठाणातल्या क्रुसासमोर तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं. मम्मीने आरशाला झेंडूची माळ बांधली. शेजारपाजारचे गाडीचा रंग बघत होते. डॅडी पाण्याचे थेंब बघत होते. बॉनेटवरून ओघळणारे थेंब मडगार्डशी एका जागी थांबण्याऐवजी आत नाहीसे होत होते.

"फट जास्त हाय," ते म्हणाले.

"डॅडी, आज नको."

"मी कुठे काय बोललो? फट बोलली."

माझे वडील, एडवर्ड, बेचाळीस वर्षं डेंटर होते. ठोकरलेल्या गाड्यांचे पत्रे आतून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, लावून, बाहेरून हातोडीने हलके ठोकत ते पूर्वीसारखे करायचे. गावठाणाच्या टोकाला त्यांची शेड होती. आता तिथे दवाखान्याची इमारत आहे. काम सुटून नऊ वर्षं झाली, तरी उभ्या गाडीजवळून जाताना त्यांचा हात आपोआप पत्र्यावरून फिरायचा. हाताखाली रुमाल असायचा. उघड्या हाताला खड्डा कळत नाही, कापडातून कळतो, असं ते सांगत. ते खरं आहे. मी करून पाहिलंय.

आणि फट मोजायला त्यांच्याकडे कार्डं होती. आमच्यात माणूस गेलं की महिन्याच्या मिस्साला त्याच्या फोटोचं, प्रार्थनेचं एक कार्ड छापून वाटतात, प्लास्टिकचं आवरण घातलेलं. डॅडींनी अशी नऊ कार्डं रबरबँडमध्ये बांधून खिशात ठेवलेली असत. नऊ कार्डांची जाडी म्हणजे दरवाजाची योग्य फट, हे त्यांनी कधीतरी ठरवून टाकलं होतं. नवं माणूस गेलं की त्याचं कार्ड गड्डीत यायचं आणि सगळ्यांत जुनं निघून मम्मीच्या बायबलात जायचं. "नायतर माणसं वाढतील आणि फट वाढेल," ते म्हणायचे. त्या रविवारी गड्डीत सगळ्यांत जुना होता ग्लेनरॉय, त्यांच्या शेडमधला पेंटर.

सगळे घरी गेल्यावर डॅडी ग्लेनरॉय आणि मंडळींना घेऊन गाडीभोवती फिरले. तीन दरवाजे जेमतेम चालण्यासारखे निघाले. डाव्या मागच्या दरवाजात गड्डी वर अडकली आणि खाली सैल पडली.

"दरवाजा खाली बसलाय. आणि डिकी बघ, उजवीकडे तोंड वाकडं करते. एवढे पैसे घेऊन हे असं देतात?"

"नवीन कंपनी आहे. बॅटरी चांगली आहे, लोक तेच बघतात."

"बॅटरी कोन बघतो गो, ती तर खाली लपलेली असते." ते दरवाजा उघडून लावून बघत होते. "पूर्वी इंजिनाचा आवाज असायचा, त्यात सगळी खडखड झाकून जायची. ही मुकी हाय. हिची हाडं वाजली की लगेच ऐकू येतील."

"सर्व्हिस सेंटरला दाखवीन."

"मी अर्ध्या तासात करतो."

"नको."

मी नको का म्हणाले ते मला तेव्हाही माहीत होतं. आदल्या दिवशी शोरूममध्ये, ते असेच रुमाल घेऊन गाडीभोवती फिरत असताना, तिथल्या सेल्समनने हसून विचारलं होतं, "अंकल, तुम्ही पण गाड्यांमधलेच का?" डॅडींनी तोंड उघडण्याआधी मी बोलले, "ऑटोमोबाइल लाइनमध्ये होते." डॅडींनी मान डोलावली. रुमाल घडी करून खिशात ठेवला.

ही ऑटोमोबाइल लाइन जुनी होती. पाचवीत शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायासमोर मी माझ्या अक्षरात 'ऑटोमोबाइल इंजिनिअर' लिहिलं आणि सहीसाठी त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते वाचलं, हात पुसले आणि सही केली. पुढे मी कॉलेजात बक्षीस घेतलं त्या दिवशी ते कोट घालून आले. माझ्या प्राध्यापकांनी, आपण काय करता, असं विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "ऑटोमोबाइल लाइन," म्हणाले. त्यांनी माझं खोटं उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतलं होतं आणि पुन्हा कधी खाली ठेवलं नाही. आता मी बोरिवलीला राहते, एका प्रकाशनात मुद्रितं तपासते. छापायला जाणाऱ्या पानांतल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. ही एक चूक मी तीस वर्षं तशीच सोडून दिली होती.

दुपारी मम्मीने मैद्याचे गोल फुगे तळले होते, सोबत मांसाचं आंबट-तिखट इंद्याल. डॅडींनी चार फुगे खाल्ले आणि पाचवा माझ्या ताटातून उचलला.

"एडी, डॉक्टरने काय सांगितलं?" मम्मी म्हणाली.

"ताटातला खाऊ नको, असं नाय सांगितलं."

जेवून मी आडवी झाले. जाग आली ती दरवाजा लागण्याच्या आवाजाने. एकदाच, मऊ, जाड आवाज. घरातल्या जुन्या लाकडी कपाटाचं दार लागतं तसा. लहानपणी शेडमधून असे आवाज आले की काम संपलं हे कळायचं. मग ते हात धुऊन मला घ्यायला यायचे आणि परतताना आम्ही बर्फाचा गोळा खायचो.

बाहेर जाऊन पाहिलं. त्यांनी डाव्या मागच्या दरवाजाच्या बिजागरीचे बोल्ट ढिले करून, खाली लाकडाचा ठोकळा लावून, दरवाजा उचलून बसवला होता आणि बोल्ट पुन्हा कसले होते. बनियनवर घाम होता. गड्डी वरपासून खालपर्यंत फिरवून ते मला दाखवत होते.

"बघ. कुठे अडकते का?"

"वॉरंटी जाईल, डॅडी. तुला नको म्हटलं होतं ना? ही काय तुझ्या शेडमधली गाडी आहे?"

त्यांनी पाना पुसून पिशवीत टाकला.

"डिकी राहिली," ते म्हणाले.

"डिकीला हात लावू नको."

"बरं."

मी सहा वाजता निघाले. त्यांनी फाटकापर्यंत येऊन गाडी मागे घ्यायला हाताने खुणा केल्या, जरी गाडीला मागे कॅमेरा आहे. सोमवारी सकाळी पावणेसातला, पाव आणायला जाण्याआधी चपला घालताना, ते ओट्यावर बसले आणि उठले नाहीत.

महिन्याच्या मिस्साला मी कार्डं छापून घेतली. मजकुराची मुद्रितं तीनदा तपासली. मिस्सा झाल्यावर मम्मीने त्यांच्या शर्टातली गड्डी माझ्या हातात दिली. "ग्लेनरॉयला बायबलात पाठव," ती म्हणाली, "आणि ह्याला आत घे. फट वाढवू नको." मी तसं केलं. नवं कार्ड वरचं होतं. रबरबँड बरोबर त्यांच्या गळ्यावरून जात होता, म्हणून मी तो थोडा खाली सरकवला.

एप्रिलमध्ये गाडी धुतली त्या दिवशी डिकीत पाणी सापडलं. गालिच्याखालचा खोलगट भाग तळ्यासारखा भरला होता. हमरस्त्यावर डिकीही वाजत होती. डाव्या मागच्या दरवाजाचा मात्र आवाज नव्हता.

सर्व्हिस सेंटर अंधेरी पूर्वेला आहे. निलेश नावाच्या ॲडव्हायझरने गाडी आत घेतली आणि चहा मागवला. त्यांचे जुने फिटर, मधुकर, पन्नाशीचे, बोटांच्या पेरांत ग्रीस कायमचं बसलेलं, गाडीभोवती एकदा फिरले. मग दुसऱ्यांदा. डिकीशी त्यांनी जीभ टाळूला लावून च्च केलं. डाव्या मागच्या दरवाजाशी थांबून तो उघडला, सोडून दिला. मऊ, जाड आवाज आला. त्यांनी पुन्हा उघडला. मला वाटलं, फक्त तो आवाज ऐकण्यासाठीच.

"निलेश, इकडे ये जरा. ह्या गाडीला एवढा एकच दरवाजा बरोबर आहे."

"एक तरी आहे ना, यार."

"कारखान्यातून असा नाही येत. बिजागरी बघ. बोल्टवरचा रंग तुटलाय. कोणीतरी हाताने बसवलाय."

निलेशने माझ्याकडे पाहिलं आणि हातातला फॉर्म उलटला. तो चांगला मुलगा होता. आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, डिकी पूर्ण नवीन बसेल, रबर, बिजागऱ्या, सगळं फ्री. फक्त इथे लिहिलंय, बॉडीवर बाहेर कुठलंही काम केलेलं नाही. तिथे टिक करा आणि सही करा. बोल्टचं मी बघतो, कारखान्यातूनच आला म्हणून लिहितो."

"आणि बाहेर काम झालंय असं लिहिलं तर?"

"मग बॉडीची वॉरंटी संपली. डिकी तुमच्या खर्चाने. कशाला उगाच? टिक करून टाका ना."

पेन माझ्या हातात होतं. चौकोन लहान होता आणि समोरची ओळ मराठीत, इंग्रजीत, दोन्हीकडे नीट छापलेली होती, एकही चूक नाही. पाचवीतला फॉर्म मला स्पष्ट दिसला. त्यावर सही करताना तेलकट बोटांनी उमटलेला डागही.

मधुकर अजून दरवाजाशीच होते. खिशातून त्यांनी फडकं काढलं, हाताखाली धरलं आणि दरवाजाच्या कडेवरून वरून खाली फिरवलं. त्यांनी ते मला दाखवायला केलं नव्हतं.

"मॅडम, एक विचारू?" ते म्हणाले. "वॉरंटीसाठी नाही, माझ्यासाठी. असं काम करणारी माणसं आता दिसत नाहीत. कोणी केलंय?"

मी पर्समधून गड्डी काढली, रबरबँड सोडला आणि वरचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. निलेश फॉर्म पुढे सरकवत होता. तो मी परत त्याच्याकडे सरकवला.

"बाहेर काम झालंय, लिहा तसं," मी म्हणाले. "माझ्या डॅडींनी केलंय. एडवर्ड त्यांचं नाव. मरोळला शेड होती त्यांची. ते डेंटर होते."