बायांचा बोजारा

मारोतरावांना वर्गणी मागायचा आता वीट आला होता. भंडाऱ्याकडच्या कोंढा गावात मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचं, नाटक असो की देवळाचा रंग, पावतीबुक यांच्याच काखेत! पंधरा वर्षं हेच. पाय भरून येत, घसा बसे. पण १९८१ च्या त्या श्रावणातला शीण काही निराळाच होता.

झालं असं, की गावचा भैय्यालाल नागपूरच्या एका फोटो स्टुडिओत कामाला होता. त्यानं आदल्या वर्षी उसना कॅमेरा आणून गावच्या रोवण्याची, म्हणजे धानाच्या लावणीची अन् ती करणाऱ्या बायांची, वीस मिनिटांची फिल्म काढली. मागे ना कंपनी, ना शेठ. आणि ती फिल्म चक्क कलकत्त्याच्या फिल्म महोत्सवात निवडली गेली! फक्त फिल्मची नवी प्रत अन् गाडीभाडं ज्याचं त्यानं बघायचं होतं. दहा दिवसांत जमलं नाही, तर फिल्म बाद.

चार दिवस मारोतराव दारोदार फिरले. हाती जवळजवळ काहीच नाही. गावातले मोठे शेतकरी तुलारामजी तर उसळलेच.

"लुगडं गुडघ्यावर खोसलेल्या बाया, चिखलात! हे कलकत्त्याले दाखवाचं? त्यापरीस मंडईले नागपूरची हिरोईन आणा, मी आत्ताच देतो."

"तसंच हाय म्हणा," असं पुटपुटून मारोतराव उठले. भांडायची ताकद कोणात होती?

परतताना तुलारामजींच्याच बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणा नुकताच संपला होता. बाया धुऱ्यावर, शेताच्या कडेला, बसल्या होत्या. त्यांत मारोतरावांची बायको ललिताबाईही होती. रोवण्याच्या टोळीची म्होरकी शकुबाई साठी उलटलेली. तिनं हाक मारली, "काय भाऊ, किती जमले?"

"नाई देत लोक. मी तरी काय करू?"

"तुमी मागतच नाई, तं देतील कसे?"

"चार दिवसापासून फिरून राहिलो ना मी!"

"मी पायलं परवा. मंडईच्या वर्गणीले तुमी लोकायच्या ओसरीवर पाय ठोकून बसता, घेतल्याबिगर उठत नाई. अन् भैय्यालालसाठी दारातूनच म्हणता, 'द्याचं असंल तं द्या.' काहून?"

मारोतराव पावतीबुक चाळू लागले. शकुबाई मात्र थांबली नाही.

"मी सांगतो काहून. फिल्लममंदी तुमची ललिता हाय. भैय्यालालनं शाळेच्या भिंतीवर फिल्लम दाखवली, तवा तिचे चिखलाचे पाय दिसले अन् लोक हासले. तवापासून तुमाले लाज वाटून राहिली. त्या चिखलातलाच भात खाता ना? तो खातानी नाई वाटत लाज?"

मारोतरावांनी बायकोकडे पाहिलं. ती मान खाली घालून नखातला चिखल काढत होती. हसले होते ते लोक, पण त्या दिवशी तोंड लपवून उठून चालते झाले होते ते स्वतः! घरी तिच्याशी दोन दिवस बोललेही नव्हते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शकुबाईनं पदराची गाठ सोडली. रोवणा संपला की मालक बायांना जेवणासाठी पैसे देतो, त्याला बोजारा म्हणतात. वर्षातून एकदाच बाया त्यावर पोटभर गोडधोड खातात. तो सगळा बोजारा तिनं मारोतरावांच्या हातावर ठेवला.

"अवो, तुमचं जेवण..."

"अवंदा भाजीभाकर खाऊ. पोट्टा जाऊन येऊ द्या. आमचं काम कोणी मोठ्या पडद्यावर पायाले बसते, हे का लहान हाय?"

मारोतरावांचे डोळे भरून आले. पाय तसेच दुखत होते, पण ते मागे वळले. तुलारामजींच्या ओसरीवर चढले आणि या खेपेला पाय ठोकून बसले!

"तुलारामजी, माह्या बायकोची फिल्लम कलकत्त्याले चालली. तुमचा धान तिनंच लावला. बायायनं बोजारा देला, आता तुमी काढा."

तुलारामजींनी एकवार त्यांच्याकडे पाहिलं. कुरकुर केली, चहा मागवला, आणि चहा संपायच्या आत पैसे काढले.

आठव्या दिवशी भैय्यालाल फिल्मचा डबा घेऊन भंडारा रोड स्टेशनवरून गाडीत बसला.

मंडळी, आपल्या माणसाची कला दारात उभी असते आणि आपण हात आखडतो, ते दर वेळी गरिबीपायीच असतं असं नाही. पुष्कळदा आपल्याला आपल्याच घामाची लाज वाटते. ती लाज आधी सोडा. मग आपल्या माणसासाठी मागायलाही जीभ अडखळत नाही, आणि द्यायलाही हात.