नोनसानची अर्धी सहल

शनिवारी दुपारी सव्वाबाराला नोनसानच्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यात एकदम अकरा फोन वाजले. काही वाजले, काही नुसते खिशात गुरगुरले. मी पॉलीहाऊसच्या दाराशी उलट्या क्रेटवर बसून मळेवाल्या बाईंनी दिलेला जवाचा चहा पीत होतो. आत आमच्या बसमधली अमेरिकन कुटुंबं फळं तोडत होती. पोरांच्या हनुवट्या लाल झाल्या होत्या आणि आया सांगून थकल्या होत्या, की डब्यात टाका, पोटात नको. तेवढ्यात अकरा पुरुषांनी एकाच वेळी पाठ सरळ केली आणि फोन काढले.

त्यांच्या बायकांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी नवऱ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि डब्यांना झाकणं लावायला घेतली.

मी इथे दक्षिण कोरियात, प्योंगतेकच्या अमेरिकन छावणीतल्या सहलींची बस चालवतो. छावणीत एक तिकीटखिडकी आहे. घरदार सोडून इथे नेमणुकीवर आलेल्या सैनिकांच्या बायकापोरांना तिथे पाळण्यांच्या बागेची, मत्स्यालयाची तिकिटं अर्ध्या दरात मिळतात, आणि सुट्टीच्या दिवशी अशा एक दिवसाच्या सहली निघतात. गाईड असते बान मीसुक. चौदा वर्षं ती आणि मी एकाच बसमध्ये आहोत. माझ्या बायकोनेही माझी एवढी बडबड ऐकली नसेल.

नवरा गेला तेव्हा मीसुकचा मुलगा हेचान सात वर्षांचा होता. त्याच वर्षी ती खिडकीवर लागली आणि इंग्रजी बरं म्हणून सहा महिन्यांत बसमध्ये आली. तेव्हापासून तेच तीन विनोद, तोच पिवळा झेंडा आणि माणसं चढली-उतरली की एकेका डोक्यावरून फिरणारं तेच बोट. दुसऱ्यांच्या पोरांना अर्ध्या तिकिटात पाळण्यात बसवण्यात तिची उमर गेली. ती तिकिटं फक्त छावणीचं कार्ड असणाऱ्यांना. हेचानला तिने त्या बागेत एकदाच नेलं, तेही बाहेरच्या खिडकीवर पूर्ण दराचं तिकीट काढून. याचं तिला वाईट वाटल्याचं मी कधी ऐकलं नाही. मला मात्र वाटतं.

हा हेचान आता सक्तीच्या सैनिकी नोकरीवर आहे. चोरवॉनला, उत्तर कोरियाच्या अगदी सीमेवर.

नोनसान म्हटलं की अमेरिकन पोरांना स्ट्रॉबेरी आठवते. आमच्या बायकांना आठवतं ते भरतीच्या पोरांचं प्रशिक्षण केंद्र, कारण कितीतरी आयांनी त्या फाटकाशी आपलं पोर सोडलेलं असतं. गेल्या जुलैत हेचानला मीच माझ्या गाडीतून पोचवलं. डोकं भादरलेली शेकडो पोरं मैदानात रांगा लावून उभी होती आणि मीसुक बोट हलवत त्यांना मोजत होती. सवयच पडलेली. मोजून दमली तेव्हा म्हणाली, "दादा, यातला आपला कुठला तेच कळेना झालंय." त्यानंतर आज ती पहिल्यांदाच नोनसानला आली होती, आणि सकाळी त्या फाटकाची पाटी आली तेव्हा माईकवर स्ट्रॉबेरीच्या जाती सांगत होती.

सार्जंट व्हिटलो हा दाराएवढा माणूस. फोन खिशात टाकत तो तिच्यापाशी आला.

"मिस बान, सगळ्यांना परत बोलावलंय. आत्ताच निघावं लागेल."

काय झालं, असं तिने विचारलं नाही. छावणीत काम करणारी माणसं असलं विचारत नाहीत, आणि विचारून त्याने सांगितलंही नसतं. तिने झेंडा उंच धरला आणि हसून जाहीर केलं, की स्ट्रॉबेऱ्या कुठे पळून जात नाहीत, आपण पुन्हा येऊ, आता सगळ्यांनी सात मिनिटांत बसमध्ये. मग तशीच हसत, माझ्याकडे न बघता, आमच्या भाषेत म्हणाली, "प्योदादा, गाडी चालू करा. हेचान तिकडे सीमेवर आहे."

ही आमची जुनी सोय आहे. भरल्या बसमध्ये आम्ही वाटेल ते बोलतो, फक्त चेहरा हसरा ठेवायचा. एरवी कुठलं पोर आता ओकणार आहे आणि कुणाची रात्रीची अजून उतरली नाही, असल्या गप्पा असतात.

मळेवाल्या बाई धावत आल्या. "काय हो, लढाई लागली की काय?"

"सराव असेल," मी म्हणालो.

"तुम्हाला काय माहीत?"

"मला काहीच माहीत नाही."

बाई आत गेल्या आणि विक्रीसाठी भरून ठेवलेले डबे आणून पोरांच्या अर्ध्या डब्यांत ओतायला लागल्या. "माझ्या मळ्यातून पोर अर्धा डबा घेऊन जाणार होय? लढाई असली तरी काय झालं," असं पुटपुटत होत्या. व्हिटलोच्या धाकटीचा डबा भरून वाहिला, तरी त्या थांबेनात.

बसमध्ये मीसुकने माणसं मोजली. सदतीस. पुन्हा मोजली. अडतीस. चौदा वर्षांत पहिल्यांदा तिला दोनदा मोजावं लागलं, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली.

हमरस्त्याला लागल्यावर मी रेडिओ लावला. एक बाई सोयाबीनच्या मोडांचं सूप शिकवत होती. दुसरीकडे गाणी. तिसरीकडे गुडघेदुखीची जाहिरात. एवढ्या शांत आवाजात कुणी गुडघ्याचं बोलत असेल तर जग ठीक असावं, असं मी मनाला सांगितलं आणि रेडिओ बंद केला. मीसुक माझ्या शेजारच्या गाईडच्या सीटवर फोन मांडीवर घेऊन बसली होती.

"वाचलं का त्याने?"

"नाही. एक तसाच आहे."

आमच्याकडे संदेश पाठवला की त्याच्या कडेला '१' असा छोटा पिवळा आकडा दिसतो. समोरच्याने वाचलं की तो जातो. शनिवारी सैनिक पोरांना सकाळपासून फोन मिळतो. हेचानने आज नाश्त्याचा फोटोही पाठवला होता, खाली लिहून की तुझ्यापेक्षा बरं शिजवतात. पण साडेबारापासूनचे तिचे चार संदेश तसेच पडले होते. बेल जात होती, उचलत कुणी नव्हतं. आणि सीमेवर काही गडबड झाली की आधी पोरांचे फोन काढून घेतात, हे इथल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे.

"फुटबॉल खेळत असेल," मी म्हणालो.

"त्याला फुटबॉल येत नाही."

"मग बघत असेल."

"दादा, तुम्ही रस्त्याकडे बघा."

चोनानच्या अलीकडे आमच्या फौजेचे ट्रक लागले. दहा-बारा असतील, ताडपत्र्या आवळून बांधलेले, सगळे उत्तरेकडे निघालेले. मी त्यांना एकेक करून मागे टाकत होतो. बसमधली पोरं खिडक्यांना नाकं लावून ट्रकवाल्यांना हात करत होती. ट्रकमधली पोरंही हात करत होती, आणि त्यांची वयं काही फार नव्हती.

"अजून किती वेळ?" मागून कुणाच्या तरी पोराने विचारलं.

"फक्त पन्नास मिनिटं, राजा," मीसुक मागे वळून इंग्रजीत म्हणाली. चेहऱ्यावरचं हसू न काढता पुढचं वाक्य माझ्यासाठी होतं. "एकटाच आहे हो तो मला. दुसरं कुणी नाही."

मी आपला गिअर बदलला, गरज नसताना.

तेवढ्यात सार्जंट व्हिटलोची बायको डेलिया सीटांच्या पाठी धरत धरत पुढे आली. तीन पोरांची आई, हा तिचा चौथा देश. ती वाटेतच उकिडवी बसली आणि मीसुकच्या मांडीवरच्या फोनकडे बघत म्हणाली, "तुमचं कोण आहे तिकडे?"

चौदा वर्षांत मीसुकने कुठल्या प्रवाशाला घरचं काही सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. गाईडने स्वतःबद्दल बोलू नये, असं तिचं म्हणणं.

"मुलगा," ती म्हणाली. "आठ महिने झालेत. अजून दहा आहेत."

डेलियाने मान हलवली. "मागे बघू नका. नुसतं ऐका. माझा नवरा काय म्हणतोय?"

मागून व्हिटलोचा घोगरा आवाज येत होता. "शनिवारच. दर वेळी शनिवार. मंगळवारी कधी आठवण होत नाही यांना आमची."

"मी निदान पोटभर खाऊन तरी घेतल्या," दुसरा कुणी म्हणाला. "तुझ्या हातात झेंडा धरल्यासारखा डबा होता नुसता."

"वरचे सगळे गोल्फ खेळत असतील. लिहून घे माझ्याकडून."

"कुरकुरतोय की नाही?" डेलिया म्हणाली. "खरं काही असलं ना, की हा चकार शब्द काढत नाही. मला बाजूला घेतो आणि हळू आवाजात सांगतो, घराचे कागद कुठल्या खणात आहेत. दोनदा ऐकलंय मी ते. आज मळ्यात मला काय विचारलं, माहितीये? संध्याकाळी भाजायला बाहेर काढलेल्या मटणाचं आता काय करायचं."

मला एवढं इंग्रजी कळतं. आणि बाई खरं बोलत होती, हेही मला कळलं, कारण ही नोकरी मीही करून आलोय, त्याच चोरवॉनच्या थंडीत. सरावाचा भोंगा झाला की आम्ही बूट बांधता बांधता साहेबाच्या सात पिढ्या काढायचो. एकदाच खरी वेळ आली होती. बराकीत चाळीस जण होतो आणि कुणी शिवी दिली नाही. मला अजून त्या शांततेची आठवण नको वाटते.

"मीसुक, बाई बरोबर सांगतेय," मी म्हणालो. "हा सराव आहे. माझी मिशी पैजेवर."

"तुम्हाला मिशी कुठे आहे?"

"ठेवीन."

ती खरंखुरं हसली, आणि पाठ टेकून बसली. एवढ्या वर्षांत मी अमेरिकन माणसांच्या कुरकुरीला विटलोय. एसी कमी आहे, एसी जास्त आहे, बस हळू आहे, जेवण तिखट आहे. आज मात्र मागच्या सीटवर ते गोल्फवाल्यांना जेवढी नावं ठेवत होते, तेवढं माझ्या छातीवरचं ओझं उतरत होतं. मध्येच ते दमून गप्प झाले, तेव्हा डेलियाने मोठ्याने विचारलं, "आणि गेल्या महिन्यात बोलावलं तेव्हा कोणता वार होता रे?" लगेच सगळे पुन्हा सुरू झाले.

पण तो एक काही जाईना. सराव अमेरिकनांचा असेल, तर तिकडे चोरवॉनला हेचान फोन का उचलत नव्हता? मीसुक दर दोन मिनिटांनी फोन पालथा करायची आणि पुन्हा उताणा.

प्योंगतेकचा टोलनाका गेला. तिने माईक घेतला आणि उभी राहिली. फाटकाशी तपासणी कडक असेल, सगळ्यांनी आपापली कार्डं हातात ठेवा, असं सांगत होती आणि तिच्या डाव्या हातातला फोन थरथरला. तिने खाली पाहिलं. वाक्य तिथेच तुटलं. मी आरशात पाहिलं, तर अडतीस माणसं तिच्याकडे बघत होती.

"आणि मुलांची कार्डंसुद्धा," ती म्हणाली. वाक्य पुरं केलंच तिने. मग माझ्याकडे वळून आमच्या भाषेत म्हणाली, "झोपला होता. दादा, गाढव जेवून झोपला होता."

माईक चालूच होता. ते गाढव सगळ्या बसमध्ये घुमलं. कुणाला काही कळलं नाही, पण पोरांना आवाज आवडला आणि दोघा-तिघांनी तो शब्द म्हणूनही पाहिला. डेलियाला शब्द कळायची गरज नव्हती. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मीसुकने फोन माझ्या नाकापुढे धरला. 'आई, झोपलो होतो. नऊ वेळा फोन? काय झालं?' मी वाचलं आणि म्हणालो, की आता मला रस्ता दिसू दे.

छावणीत पोचल्यावर माणसं भराभर उतरली. पुरुष पळाले, बायका पोरं आणि डबे सावरत मागून. मीसुक नेहमीसारखी दाराशी उभी राहून प्रत्येकाला कमरेत वाकून निरोप देत होती. व्हिटलो उतरताना म्हणाला, "पुढच्या वेळी मंगळवारी नेत जा आम्हाला." डेलियाने नुसता तिचा हात दाबला आणि धाकटीला कडेवर घेतलं. मीसुकने शेवटच्या डोक्यापर्यंत मोजलं आणि दार लावून घेतलं.

"आता बघा कशी सोलून काढते त्याला," ती मला म्हणाली आणि फोन लावला. मी खुशीत सीटवर मागे वळून बसलो. मीही दीड तास घाबरलो होतो, मलाही ते ऐकायचं होतं.

"हं," ती म्हणाली. "नाही रे. काही नाही झालं... हो, नऊ वेळा. पिशवीत दाबला गेला असेल. सहलीवर होते ना... नोनसानला. स्ट्रॉबेरी." मग बराच वेळ ती ऐकत राहिली. तो काय सांगत होता ते मला ऐकू आलं नाही. "झोप झाली का पण तुझी? मग झोप की आणखी. सुट्टी आहे... नाही, बंद नको करूस. तसाच ठेव उशीशी. मी काही बोलणार नाही."

ती गाईडच्या सीटवर बसली नाही. मागे दुसऱ्या रांगेत, प्रवाशाच्या सीटवर जाऊन खिडकीशी बसली, फोन कानाला लावून, डोळे मिटून. मी हात लांब करून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.