एकमताचा नियम

आमचा संघ नेमकं काय करतो, असं कुणी विचारलं की मी एका शब्दात सांगतो: भांडतो. देशभरातल्या कॉलेजांकडून वर्गणी घ्यायची आणि त्यांच्या वतीनं मंत्रालयाशी भांडायचं. बाकीच्या परिषदा, पुस्तिका, फोटो, हे सगळं भांडणाला जरा इभ्रत यावी म्हणून. मी या संघाचा सचिव, म्हणजे पगारी भांडखोर. घरच्यांचं मत असं की हे काम मी फुकटातही केलं असतं.

यंदाचं भांडण वर्षभर चाललं होतं. ज्या कॉलेजात तीनशेपेक्षा कमी विद्यार्थी, त्याची मान्यता काढायची, असा नियम मंत्रालय आणत होतं. आमच्या सभासदांपैकी अठ्ठावीस कॉलेजं त्यात बुडत होती. सगळी लहान गावांतली, जिथून दुसरं कॉलेज गाठायचं तर अर्धा दिवस बसमध्ये जातो. यांचं अनुदान वाढवायचं नाही, यांना फी वाढवू द्यायची नाही, आणि वर विचारायचं की तुमच्याकडे मुलं का येत नाहीत? आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत.

त्या दिवशी सकाळी मी मंत्रालयातल्या उपसचिवांच्या खोलीत बसून भाजीवाल्याशी करावी तशी घासाघीस करत होतो. हे गृहस्थ दिवसभर गरम पाणी पितात आणि कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी भांडणं म्हणजे उशीला बुक्के मारणं. तीनशेचे अडीचशे झाले. अडीचशेवर आम्ही तासभर अडून बसलो. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"दोनशे," ते म्हणाले. "याच्या खाली एकही नाही. आणि एक अट आहे. तुमच्या अठ्ठावीसच्या अठ्ठावीस कॉलेजांची संमती पाहिजे. उद्या त्यातलं एखादं उठून कोर्टात गेलं तर सगळा नियम लोंबकळत राहील. ते मला नको. नाहीतरी तुमच्या संघात सगळं एकमतानंच होतं ना?"

होतं. संघ स्थापन करणाऱ्या थोर मंडळींनी तसा नियमच करून ठेवलाय. ज्यांच्याबद्दल ठराव, त्या सगळ्यांचे हात वर झाले तरच तो ठराव. एकाचाही हात खाली राहिला तर संघ मुका. मोठ्या कॉलेजांनी लहानांना विकून खाऊ नये, म्हणून केलेला नियम. चांगला आहे. मी भाषणात नेहमी सांगतो.

"पाच वाजेपर्यंत एकमत कळवा," उपसचिव म्हणाले. "नाहीतर तीनशेचा मसुदा आहे तसा छापायला जाईल."

"साहेब, दीडशे करा."

"कशाला? तुमची जवळजवळ सगळी वाचतात की दोनशेत."

जवळजवळ सगळी. सत्तावीस वाचत होती. दोनशेच्या खाली एकच कॉलेज होतं, एकशे एकाहत्तर विद्यार्थ्यांचं, आणि त्याची प्राचार्य माझी सख्खी थोरली बहीण.

"दीडशे करा साहेब, तुमच्या पाया पडतो," मी म्हणालो. संघाच्या सचिवानं तोंडातून काढायचं वाक्य नव्हे हे. पण निघालं.

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुम्ही संघासाठी बोलताय की कुणा एकासाठी?"

जन्मात पहिल्यांदा भांडण अर्धवट टाकून मी उठून बाहेर आलो.

अठ्ठावीसही प्राचार्य आमच्या इमारतीत सकाळपासून येऊन बसले होते. ताई दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, खिडकीच्या कट्ट्यावर बसून डबा खात होती. तिच्या नखांत प्लास्टर होतं. तिच्या गावाजवळ दगडांच्या खाणी आहेत, तिथं दर वर्षी कुणाचा ना कुणाचा पाय जातो, म्हणून तिनं कॉलेजात कृत्रिम हातपाय बनवण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. प्राचार्यपदाची खुर्ची सोडून ही बाई बहुतेक वेळ त्या वर्कशॉपमध्ये साचे ओतायला बसलेली असते. ती त्याच कॉलेजात शिकली, तिथंच शिकवायला लागली. मीही तिथलाच. अर्थशास्त्रात मला पहिल्यांदा नापास केलं ते माझ्या या बहिणीनंच, आणि त्या दिवशी घरी जेवायला वाढलं तेही तिनंच.

"तोंड असं एरंडेल प्यायल्यासारखं का केलंयस?" तिनं विचारलं.

"दोनशेवर आला."

ताईला हिशेब समजावून सांगावा लागत नाही. तिनं हातातला घास परत डब्यात ठेवला.

"बाकी सगळे वाचले?"

"सगळे. पण पाचच्या आत एकमत पाहिजे." मी तिच्यासमोर पायरीवरच बसलो. "ताई, तू हात वर करू नकोस. मी उद्या परत जातो त्याच्याकडे. वर्षभर त्याचं डोकं खाल्लंय, आणखी खातो."

"खाऊन काय मिळेल?"

"काही नाही," मी खरं ते सांगितलं.

"मग?"

"मग अठ्ठावीसही जातील. निदान तू एकटी जाणार नाहीस!"

"वा रे शहाण्या! सगळी आळी जळाली म्हणजे आपलं घर जळाल्याचं दुःख नाही. तुला अर्थशास्त्रात उगाच नाही नापास केलं मी."

एवढं बोलून ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा एकदम बदलला. ताईला मी आईच्या वेळी रडताना पाहिलं होतं, त्यानंतर नाही. आताही ती रडली नाही. डब्याचं झाकण लावायला गेली, ते लागेना. मी घेऊन लावून दिलं.

"मला भीती वाटतेय रे धाकट्या," ती म्हणाली. "गावातला कारखाना उठून गेला तेव्हा लोक म्हणाले, आता हे गाव राहत नाही. मी म्हटलं, कॉलेज आहे तोवर राहील. घरोघर जाऊन मुलं गोळा केली मी. आया पोरींना सोडायला तयार नव्हत्या, त्यांना म्हटलं, माझ्या भरवशावर पाठवा. त्यांच्यापुढं आता कुठल्या तोंडानं उभी राहू?"

मला राग येत होता. उपसचिवांचा, संघाचा, त्या थोर मंडळींचा, आणि सगळ्यात जास्त माझा, की दोनशेवर त्यानं कप खाली ठेवला तेव्हा क्षणभर मला आनंद झाला होता.

सभा सुरू झाली. आमचे अध्यक्ष सज्जन गृहस्थ. वाईट बातमी गोड करून सांगण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. मर्यादा तीनशेची दोनशे झाली, असं त्यांनी सांगितलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणी मला खांद्यावर थोपटलंसुद्धा. मग त्यांनी पुढचं सांगितलं. टाळ्या थांबल्या. आधी सगळे ताईकडे बघायला लागले, मग लगेच टेबलाकडे, जसं काही टेबलावर तिथंच उत्तर लिहून ठेवलं होतं.

"बाईंच्या या त्यागाची संघ कायम आठवण ठेवेल," अध्यक्ष म्हणाले.

ताई पहिल्या रांगेत होती. ती उभी राहिली. "त्याग मी अजून केलेला नाही, सर. आठवण कसली ठेवताय?"



"मी कोर्टात जाणार नाही, तुम्हाला अडवणारही नाही," ती म्हणाली. "पण माझा हात वर होण्याआधी माझी मुलं कुठं जाणार ते मला इथं ऐकायचंय. नंतर बघू, समिती नेमू, हे नको. एकेकानं उठायचं आणि तोंडानं सांगायचं."

डोंगराकडच्या कॉलेजच्या प्राचार्या आधी उठल्या. "वाणिज्य शाखेच्या सगळ्या मुली माझ्याकडे. वसतिगृहासकट."

"त्यात दोघी बहिणी आहेत. एका खोलीत ठेवाल?"

"ठेवीन."

मग धडाधड माणसं उठायला लागली. मला आधी भरून आलं. मग ध्यानात आलं की पटापट उठणारे सगळे दोनशेच्या काठावर टेकलेले आहेत. कुणी दोनशे पाच, कुणी दोनशे बारा. दहावीस मुलं जास्तीची मिळाली तर पुढच्या वर्षीची चिंता मिटली. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच. एकानं तर विचारलं, "जरा बऱ्या मार्कांची मिळतील का?"

"मार्क पाठवू की मुलं पाठवू?" ताईनं विचारलं. तो खाली बसला. पण ताईनं त्याच्याही पदरात आठ जण घातली. घ्यावीच लागली त्याला.

शेवटी राहिला कृत्रिम हातपायांचा वर्ग. सोळा जण. इथं मात्र कुणी उठेना. भट्टी लागते, लेथ लागतं, पाण्याचं मोठं टाकं लागतं, आणि सदानकदा प्लास्टरची धूळ. त्या मुलांचं शेवटचं वर्ष होतं. ताई उभीच होती. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजून गेले. कुणी खोकलं, कुणी पाणी प्यायलं.

"ही मुलं आता सोडली तर तीन वर्षं पाण्यात," ताई म्हणाली. "कुणाकडे एखादी पडकी शेडसुद्धा नाही?"

मला राहवलं नाही. मी उठून ओरडलो, "नाही ना कुणाकडे? मग ठराव मागे घ्या! मी कळवतो मंत्रालयाला, एकमत झालं नाही म्हणून!"

"सचिव, तुम्हाला मत नाही. खाली बसा," अध्यक्ष म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं.

तेव्हा मागच्या रांगेतून उद्घाटनसर उठले. यांना सगळे संघात उद्घाटनसरच म्हणतात. पाण्याचा नळ बसवला तरी फीत कापून चार फोटो काढणारा माणूस. गेल्याच महिन्यात त्यांनी नव्या सभागृहाची फीत कापली होती आणि त्याचे फोटो आम्हा सगळ्यांना तीनतीनदा पाठवले होते. ताईला ते मुळीच आवडत नसत.

"माझं सभागृह घ्या," ते म्हणाले.

"भट्टीनं भिंती काळ्या होतील, सर."

"होतील." ते म्हणाले. "रंग दिला की परत उद्घाटन करू."

कुणीतरी फसकन हसलं. ताईही हसली. "आणि त्यांना शिकवणारे माझे मास्तर? त्यांच्याशिवाय ही मुलं शिकणार नाहीत."

"तेही येऊ देत. करतो काहीतरी."

"खाणीतले पेशंट?"

उद्घाटनसरांनी मान खाली घातली. त्यांचं गाव खाणींपासून दोन दिवसांच्या वाटेवर होतं. एक पाय नसलेला माणूस तिथं पायाचं माप द्यायला कसा पोचणार? ताईनं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

"माझे बाकीचे शिक्षक?" तिनं सगळ्यांकडे वळून विचारलं. "दहा जण आहेत."

आता खरोखरच कुणी उठलं नाही. कुणी उठणारही नव्हतं. मुलं आली की आकडा वाढतो, शिक्षक आले की खर्च.

"तो विषय आपण पुढच्या बैठकीत जरूर घेऊ, बाई," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले.

"पुढच्या बैठकीत मी नसेन, सर," ताई म्हणाली.

मान्यता गेली की सभासदत्व जातं. हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोवर कुणाच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही. तिच्यासाठी भांडण्याचा मला जो एक अधिकार होता, तोही या ठरावाबरोबर संपणार होता.

अध्यक्षांनी ठराव वाचला. मर्यादा दोनशे, संघाला मान्य. "अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत. सचिव, मोजा."

हात मोजणं हे माझं काम. खिडकीकडच्या कोपऱ्यापासून मी सुरुवात केली. इतर वेळी मी नुसती नजर फिरवतो आणि आकडा सांगतो. त्या दिवशी एकेका हातापुढे थांबलो. एकदा मधेच चुकलो आणि पहिल्यापासून सुरू केलं. कुणीतरी घड्याळाकडे बघून चुकचुकलं. उपसचिवांचा फोन टेबलावर वाजून बंद झाला. मागची रांग संपली, मधली संपली, उद्घाटनसरांचा हातही मोजून झाला. मला वाटत होतं, तेवढ्यात काहीतरी होईल. कुणीतरी हात खाली घेईल. सत्तावीसांत एकाला तरी लाज वाटेल.

"सत्तावीस," मी म्हणालो आणि थांबलो.

ताई पहिल्या रांगेत बसली होती. तिचा हात वर होता, सरळ, शाळेतल्या मुलीसारखा. मी तिच्याकडे बघितलं नाही. मी खिडकीकडे बघत राहिलो.

"मोज ना रे," ताई म्हणाली. "हात दुखतोय माझा."