पहिल्या रांगेतली छत्री

तोंडात घास असतानाच माझा धाकटा भाऊ फाउस्तो म्हणाला, "या ऑगस्टला बाबा इथेच राहतील, तुरीनला. दिवसभराची बाई ठेवू. एक चांगला पंखा घेऊ."

आणि बाबा समोरच बसलेले! जणू खुर्चीबद्दल बोलणं चाललंय.

ईस्टरच्या आधीचा रविवार होता. नोलीच्या समुद्रावर जायचा बेत आमच्याकडे दरवर्षी याच जेवणावर ठरतो, आणि मग बाबा तिथे किनाऱ्यावर छत्र्या भाड्याने देणाऱ्या नेल्लोला फोन करून आमची छत्री पक्की करतात. पहिल्या रांगेतली, पाण्याला लागून. आई होती तेव्हापासूनची. ती बाबांच्या नावावर आहे, आणि पहिल्या रांगेतलं नाव माणूस गेल्याशिवाय बदलत नाही. मागच्या रांगांतली माणसं त्यासाठी डोळे लावून बसलेली असतात.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "पंखा? ऑगस्टमध्ये इथे पाववाल्याचंसुद्धा दुकान बंद असतं, चिटपाखरू दिसत नाही रस्त्यावर! आणि त्यांच्या छत्रीखाली तुम्ही लोळणार? लाज कशी वाटत नाही रे तुला?"

"ताई, उगाच ओरडू नकोस. त्यांचे गुडघे बघ. नोलीच्या घराचा जिना चढवेल का त्यांना?"

"मग उचलून ने! तुला खांद्यावर बसवून पाण्यात कोण न्यायचं?"

"अहो ताई, हळू बोला ना, शेजारी ऐकतील," त्याची बायको ग्रात्सिएल्ला म्हणाली.

"ऐकू देत! कळू देत सगळ्या इमारतीला काय रत्न राहतंय इथे ते!"

"मिरेल्ला, जेव," बाबा म्हणाले. "गार होतंय."

"नाही जेवणार! बाबा, तुम्ही गप्प का? वर्षभर तुमच्या तोंडी दुसरा विषय नसतो. पाणी कसं असेल, नेल्लो भेटेल, पाय बुडवून बसेन. आता सांगा ना याला!"

फाउस्तोने काटा खाली ठेवला. "बरं. मग तुझी खोली दे त्यांना. खालची. जिना नाही, काही नाही. तू वर ये, पोरांच्या खोलीत."

खालची खोली. घटस्फोट झाल्यापासून ती माझी आहे. सकाळी दार उघडलं की अंगण, लिंबाचं झाड आणि कुणाची कटकट नाही. वर पत्र्याखाली नुसती भट्टी, त्यात पोरांचा धिंगाणा. वर्षभर बँकेत लोकांची बोलणी खाते ती त्या खोलीच्या आशेवर. मी पावाचा तुकडा उचलला आणि कुस्करत बसले.

"बघ," फाउस्तो म्हणाला.

"बघ काय? माझ्या खोलीचा काय संबंध? विषय बदलू नकोस!" मी आणखी जोरात ओरडले.

बाबा टेबलाला धरून उठले. कपाटावरचा फोन घेतला, नंबर लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर.

"नेल्लो, ओत्ताव्हियो बोलतोय. छत्री पक्की कर. यंदापासून फाउस्तोच्या नावावर लिही."

पलीकडून नेल्लो हसला. "थट्टा करतोस काय लेका? नाव असं बदलत नाही, तुला माहीत नाही? कोण गेलं?"

"कोणी नाही. मीच बोलतोय ना."

"मग?"

"मी येत नाही आता. ते सारखंच."

मी फोन हिसकावून घेतला. "नेल्लोकाका, काही बदलू नका! नाव त्यांचंच राहू दे!" मी फोन बंद केला. "बाबा, तुम्ही खालच्या खोलीत राहायचं. माझ्या. मी वर जाईन, जमिनीवर झोपेन, काहीही करेन. ऐकताय ना?"

"ऐकतोय," बाबा म्हणाले. सावकाश खुर्चीत बसले, रुमाल मांडीवर पसरला. "पण त्याने तुझी खोली मागितली ना मघाशी, तेव्हा मी तुझ्याच तोंडाकडे बघत होतो, पोरी."