थोरलीच्या हातचा सांधा

मित्रांनो, मी एक जुना सांधा आहे. गुडघ्याचा नव्हे, रुळांचा! एका मार्गाचे जिथे दोन मार्ग होतात, तिथे गाडीला इकडे जा किंवा तिकडे जा असे सांगतो तो सांधा. खऱ्या रेल्वेतले माझे भाऊबंद चांगले ऐसपैस असतात. मी मात्र तुमच्या तळहातावर मावेन, कारण मी टेबलावर धावणाऱ्या छोट्या रेल्वेचा आहे. हल्ली मी एका खिडकीत पडून असतो. अंगावर हिरवट डाग चढले आहेत.

माझा जन्म कवळ्या बनवणाऱ्या एका कारागिराच्या घरी झाला. पुढच्या खोलीत तो लोकांचे दात घडवी आणि मागच्या खोलीत, फळ्यांच्या मोठ्या टेबलावर, आपली रेल्वे. दुकानातले तयार रूळ त्याला डोळ्यांसमोर नको असत. "हे रूळ आहेत की पायजम्याची नाडी?" असे म्हणून तो ते बाजूला सारी. तांब्याचा पातळ पत्रा चढवलेल्या पट्ट्या कापून तो रुळांखालचे आडवे स्लीपर करी, त्यावर रूळ मापाने बसवी आणि वितळलेल्या सोल्डरचा, म्हणजे डाखाचा, थेंब सोडून पक्के करी.

त्याला दोन मुली होत्या. धाकटीला या उद्योगात गोडी नव्हती. थोरली मात्र बापाच्या वरताण होती. कॉलेजातून आली की दप्तर फेकून ती कानस हातात घेई. मला तिनेच घडवले. अगदी एकटीने, बापाला हातही लावू न देता.

मी तयार झालो त्या संध्याकाळी तिने माझ्यावर इंजिन सोडले. ते दिमाखात आले, माझ्या मध्यावर अडखळले आणि धप्पकन आडवे झाले.

"जमलंय गं!" बाबा तरीही हसून म्हणाले. "इथं एवढीशी कानस कमी पडलीय, बस."

"उद्या घासते. आज बोटं भाजून निघालीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या सायकलला एका ट्रकने उडवले. थोरली परत आली नाही.

मित्रांनो, त्यानंतर कित्येक महिने त्या खोलीचे दार उघडले नाही. माझ्यावर धूळ साचली. मग एके दिवशी बाबा आले. त्यांनी फुंकर घालून मला साफ केले, कानस उचलली, माझ्याजवळ आणली आणि परत ठेवून दिली. त्यांच्याच्याने ते होईना.

पण माझ्यावरून तर गाडी जाईना. मग त्यांनी मला वळसा घालून नवा मार्ग टाकला. वळणाला जागा हवी, म्हणून टेबल वाढवले. टेबल भिंतीला भिडले, तेव्हा भिंतीला भगदाड पाडले. भिंतीपलीकडे मुलींची खोली होती. आधी थोरलीची खाट गेली. मग पूल आला, मालधक्का आला, आणि फळ्या धाकटीच्या खाटेवर येऊन ठेपल्या. तेव्हा तिची खाट काढून फळ्यांखाली गादी घातली गेली. पोर तिथे वाकून शिरे आणि वाकूनच बाहेर येई.

"अहो, या घरात माणसं राहतात. स्टेशन नाहीये हे," आई म्हणे.

"थोडंच राहिलंय आता," बाबा म्हणत. ते थोडे कधीच संपले नाही.

पुढच्या खोलीत कवळ्या अर्धवट पडून राहू लागल्या. एक म्हातारे गिऱ्हाईक बोळक्या तोंडाने भांडून गेले, "माझे दात तुमच्या गाडीत बसून गावाला गेले की काय?" आई हसली नाही. बाबांना तर ते ऐकूही आले नसावे. ते रूळ घासत होते.

रेल्वेचे शौकीन लोक मात्र लांबून येत. "हे सगळं हातानं?" म्हणून तोंडात बोटे घालत, फोटो काढत. हा थोरलीच्या हातचा शेवटचा, अशी बाबा माझी ओळख करून देत. सगळे मान हलवत. मलाही तेव्हा धन्य वाटे. पण त्या फळ्यांखाली कोण झोपते, असे एकाही पाहुण्याने विचारले नाही.

एकदा धाकटीला सणकून ताप भरला. आई कामावर गेली होती. धाकटी खालून "बाबा, पाणी" म्हणत होती. वरून मालगाडी खडखडत होती आणि बाबा भिंग लावून तिच्या चाकांकडे बघत होते. भगदाडातून मला सगळे ऐकू येत होते. पण मला तोंड कुठे होते?

बरी झाल्यावर एका दुपारी धाकटी माझ्यापाशी आली. बाबा बाहेर गेले होते. तिने कानस घेतली. आयुष्यात कधी घासले नव्हते तिने, पण इतकी वर्षे बघत तर होती. अडत होते तिथे ती हलक्या हाताने घासत गेली. मग तिने इंजिन सोडले. मित्रांनो, ते माझ्यावरून लोण्यासारखे गेले! जन्माला आल्यापासून पहिल्यांदाच मी माझे काम केले.

दारात बाबा उभे होते. धाकटी वळून हसली. "बाबा, बघा, चालायला लागला!"

त्यांनी तिच्या थोबाडीत मारली.

"ते तिचं होतं! तिच्या हातचं शेवटचं होतं!"

धाकटीने गालाला हातसुद्धा लावला नाही. "आणि मी?" एवढेच तिने विचारले.

त्या संध्याकाळी आई तिला घेऊन मावशीकडे गेली. बाबांनी अडवले नाही. ते माझ्याशी झटत बसले होते. घासलेल्या जागी त्यांनी पुन्हा सोल्डर भरले. गाडी पडायला हवी होती त्यांना, थोरलीच्या वेळी पडली होती तशीच. ती पडली, पण दुसऱ्याच बाजूला. त्यांनी सोल्डर काढले, पुन्हा भरले. पुन्हा चुकले. शेवटी सोल्डरची तापलेली कांडी हातातून सुटली आणि ते दोन्ही हातांत तोंड लपवून हमसून हमसून रडले. घरात ते ऐकायला कोणी नव्हते.

मग त्यांनी मोडतोड सुरू केली. पूल गेला, मालधक्का गेला, फळ्या उतरल्या. भगदाड विटांनी बुजवले. मुलींच्या खोलीत त्यांनी धाकटीची खाट पुन्हा मांडली, नवी चादर घातली. पुन्हा लहानशी रेल्वे उभारायची म्हणून मागच्या खोलीतले जुने टेबल तेवढे ठेवले. मला उपटून त्यांनी धाकटीच्या खिडकीत आणून ठेवले.

आई काही महिन्यांनी परतली. दोघे आता मीठ आणि दूध एवढ्यापुरते बोलतात. धाकटी मावशीकडेच राहिली, एकदा फक्त येऊन गेली. खाटेच्या कडेवर जरा वेळ टेकली.

"राहशील ना?" बाबांनी विचारले. "बघ, इथलं सगळं काढलं मी."

"इथं झोप नाही येत बाबा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "डोळे मिटले की वर गाडी चालू होते."

चहा पिऊन ती शेवटच्या बसने गेली. मला तिने उचलून पाहिलेही नाही.

मित्रांनो, आत्मकथा सांगणाऱ्या वस्तू सहसा म्हणतात, आम्हाला जपा. मला तेवढा हक्क राहिलेला नाही. गेलेल्या माणसाची वस्तू हातात घेऊन रडावेसे वाटले तर जरूर रडा. ती मोडकी असली तर दुरुस्त करा, तिच्यावर कानस चालवायला घाबरू नका. आम्हाला त्याने काही होत नाही. आम्ही लोखंड आणि तांबे आहोत, आम्ही थांबू शकतो. मुले थांबत नाहीत. ती मोठी होतात आणि निघून जातात.

बाबा रोज सकाळी येऊन ती न चुरगळलेली चादर पुन्हा सारखी करतात.